मंडईतली खुर्ची

यास्मिन, तुझा कॅमेरा आता माझ्याकडे आहे. तू गेलीस त्याचा चाळिसावा झाला आणि तुझी झोया हडपसरहून स्कूटरवर आली. माझ्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर ही माझ्या पलंगावरच सगळं मांडून बसली. कॅमेरा, त्याला लावलेली तुझी पस्तीसची लेन्स आणि फ्रिजमधला तो स्टीलचा डबा, ज्यावर तू "खायचे नाही" अशी चिठ्ठी चिकटवली होतीस. डब्यात फिल्मचे रोल होते आणि सगळ्या रोलना पुदिन्याच्या चटणीचा वास येत होता. मला हसू आलं. मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. पोरगी बिचारी पाणी आणायला उठली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, अम्मीचा एक तरी फोटो असेल ना तुमच्याकडे?" भिंतीवर लावायला नको होता तिला, नुसता जवळ ठेवायला हवा होता. तुझा आवाज कानात आहे म्हणाली, पण चेहरा आठवायला गेलं की नाकाखाली सगळं पुसट होतं आणि त्याची तिला भीती वाटते. मी म्हटलं, बघते. आता बघायचं काय होतं त्यात? माझ्याकडे पुण्यातल्या अर्ध्याअधिक झोपलेल्या कुत्र्यांचे फोटो आहेत, मंडईतल्या प्रत्येक भोपळ्याचा आहे, तुझा एकही नाही. इतकी वर्षं दोघी गळ्यात कॅमेरे अडकवून हिंडलो आणि तुझा म्हणून जगात एकच फोटो, आधार कार्डावरचा, ज्यात तू पाकीटमारासारखी दिसतेस. झोयाने तो मोठा करून बघितला होता म्हणे. नुसते ठिपके आले.

तू काढूच दिला नाहीस, मी काय करणार होते? कॅमेरा वर उचलला की तुझा हात पुढे. आणि कारण काय, तर कुठलीच फिल्म तुला तुझ्यासारखी काढत नाही. पिवळ्या डबीतली फिल्म आपल्याला तांबूस करते, उकडलेल्या रताळ्यासारखी. हिरव्या डबीतली झाडं सुंदर काढते, पण माणसाच्या गालाखाली शेवाळ आणून ठेवते. रंग ठरवताना त्या लोकांनी समोर गोरी बाई बसवली असणार, आपल्यासारखी सावळी त्यांनी जन्मात पाहिली नसणार, हे तुझं भाषण मी प्रिंट हातात आल्या की दर वेळी ऐकलं. चित्रकलेची मास्तरीण तू. एका सावळ्या रंगात किती रंग असतात ते शाळेतल्या मुलींना शिकवायचीस आणि फिल्मवाल्यांनाही शिकवायला निघाली होतीस. मी म्हणायचे, अगं, मीही सावळीच आहे, मी नाही काढून घेत? तर म्हणायचीस, "तू खुशाल रताळं हो. मला बरोबर फिल्म सापडू दे, मग काढ. तोवर कॅमेरा खाली."

आणि गंमत म्हणजे तू खरंच शोधत होतीस. नुसता बहाणा असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. कोणी परदेशातून आलं की त्याच्याकडून रोल मागवायचीस, तारीख उलटून गेलेले रोल धुंडाळायचीस, चारशेची फिल्म दोनशेची समजून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन, वापरायचीस. कलर निगेटिव्हला उजेड हात सैल सोडून द्यावा, कमी पडला की सावल्यांचा चिखल होतो, हा तुझा मंत्र. माझं उलटं. सरकारी कचेरीत जन्म गेलेली बाई मी, मंजुरीपेक्षा जास्त काही द्यायला माझा हात धजत नाही. माझे फोटो काळपट यायचे. तू ते बघून म्हणायचीस, काय गं, तुमच्याकडे सूर्याचंही रेशन असतं का?

लेन्सवरून तर विचारूच नकोस. तुझी पस्तीसची, स्वच्छ, करकरीत, समोरचं सगळं घर आत घेणारी. माझी पन्नासची जुनी, आतून धुरकटलेली. तू तिला आंधळी म्हणायचीस. मी म्हणायचे, तिला माणसाजवळ जाता येतं, तुझ्या लेन्सला फक्त खोली मोजता येते. ज्यांना कळत नाही त्यांना वाटेल, लेन्सवर भांडायचं काय एवढं. पण आपल्या कॅमेऱ्यांची जातच तशी. छोट्या खिडकीतून बघायचं, मधोमध एका पिवळ्या चौकोनात माणसाची दोन चित्रं दिसतात, लेन्स फिरवत फिरवत ती दोन एकावर एक आणायची. जुळली की माणूस स्पष्ट आला. एका मीटरपेक्षा जवळ गेलं तर जुळतच नाहीत. तू म्हणायचीस तेवढं अंतर चांगलं असतं. मला ते नेहमी जास्त वाटायचं.

शेवटचे महिने तू ते अंतर पार हडपसरपर्यंत वाढवलंस. आजार कळल्यावर मी येते म्हटलं, तर फोनवर म्हणालीस, "नको येऊस शैला. बरी झाले की मीच बोलावते." मी हो म्हटलं. तुझ्या हट्टापुढे कोणाचं चाललंय? रोज फोन करायचे, तू फिल्मबद्दल बोलायचीस, मी जेवलीस का विचारायचे. एकदा म्हणालीस की स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुपारी छान उजेड येतो, तिथे खुर्ची टाकून बघतेय. मी विचारलं काय बघतेयस, तर म्हणालीस, रंग. पण शेवटपर्यंत तू बोलावलं नाहीस. मी आले ते तुला न्यायच्या दिवशी, आणि तेव्हा चेहरा बघायला मिळाला तो सगळ्या बायकांच्या खांद्यांवरून. याचा मला राग आहे, यास्मिन. सगळ्यांना सांगते की तुझा त्रास संपला, बरं झालं. पण मला राग आहे.

तर तो कॅमेरा. तुझी पस्तीस काढून ठेवली आणि माझी आंधळी लावली, दोन्हींचे आटे सारखेच ना. मी कॅमेरा ठेवताना लेन्स नेहमी फिरवून लांबच्या खुणेवर ठेवते, तुला माहीत आहे, तू त्या सवयीला हसायचीस. सकाळी कपाटातून काढला तर लेन्स एका मीटरवर. मला वाटलं विसरले असेन. परत लांबवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एका मीटरवर. घरात मी एकटी, कपाटाला कुलूप, आणि ती लेन्स इतकी घट्ट आहे की फिरवताना माझं मनगट दुखतं. तिसऱ्या दिवशी मी बघितलंच नाही, तसाच कॅमेरा पिशवीत टाकला. आमच्या घरात भुताखेतांचं कधी कोणी बोललं नाही, बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढले मी. पण खरं सांगते, कपाटाची किल्ली फिरवायच्या आधी मी दिवसाही दिवा लावायला लागले होते.

मला वाटलं, एक रोल काढून टाकावा. तुझ्या कॅमेऱ्यातून, तुझ्या डब्यातली फिल्म, नेहमीच्या मंडईत. निरोपच म्हण. डब्यात वर होता तो रोल उचलला. त्याची जीभ बाहेर होती.

या जिभेवरून आपण किती भांडलोय. फोटो काढून झाले की फिल्म पुरती आत गुंडाळावी, म्हणजे वापरलेला रोल कोणी चुकून पुन्हा घालणार नाही, हे माझं साधं म्हणणं. तू मात्र सुरुवातीचं टोक बाहेर ठेवायचीस, लॅबवाल्याला बरं पडतं म्हणून, आणि खूण म्हणून त्याचा कोपरा मुडपायचीस. मुडपलेला म्हणजे वापरलेला. मी कोपरा नीट बघितला. चष्मा लावून, खिडकीशी नेऊन बघितला. सरळ होता, करकरीत नव्या रोलसारखा.

मंडईत सकाळी गेले. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. पिवळाधमक लिंबांचा ढीग, वांगी, ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीच्या जुड्या, वर त्या जुन्या छताखालचा काळोख. दोन-तीन भाजीवाल्यांनी विचारलं की दुसऱ्या बाई कुठे आहेत. मी एकीला सांगितलं, बाकीच्यांना नुसती मान हलवली. फोटो काढत गेले आणि प्रत्येक वेळी त्या पिवळ्या चौकोनात चित्रं जुळवताना असं वाटायचं की मागे कोणीतरी श्वास धरून थांबलंय. तू थांबायचीस तशी, मी कधी एकदा बटण दाबते म्हणून वैतागून. दोनदा वळून पाहिलं. शेवटाकडे एकदा गडबड झाली. कांद्याच्या गाळ्यासमोर फोटो काढला, पुढे निघाले, आणि लेन्सचं झाकण पिशवीत चाचपायला लागले तर सापडेना. ते होतं तिथेच, लेन्सवर. आपल्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी काच वेगळी, त्यामुळे झाकण लागलेलं असलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. एक फोटो वाया गेला. तू असतीस तर त्यावर आठवडाभर जगली असतीस.

रोल आपल्या नेहमीच्या लॅबवाल्या पाटणकरांकडे दिला. दोन दिवसांनी त्यांचा फोन. म्हणाले, "बाई, हा तुमचा कलेचा काही प्रकार असेल तर आधी सांगत चला. मी इथे एकटा असतो." गेले तर त्यांनी प्रिंट काउंटरवर पसरल्या होत्या आणि स्वतः मात्र पलीकडे उभे होते.

प्रत्येक फोटोत खुर्ची होती. तुझ्या स्वयंपाकघरातली, हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची. लिंबांच्या उजेडात ती दिसत नव्हती, पण जिथे काळोख होता तिथे होती. छताखाली अधांतरी, वांग्यांच्या ढिगात अर्धी बुडालेली, गाळ्यांच्या मागे, गिऱ्हाइकांच्या पायांमधून. मागे तुझी खिडकी, गॅस, बेसिन, भिंतीवरचं कॅलेंडर. आणि खुर्ची रिकामी. कोपरा मुडपला नव्हतास, यास्मिन. तो रोल तू आधी वापरला होतास आणि मी त्याच्यावर पुन्हा मंडई काढली होती. दोघींनी फिल्म तुझ्याच पद्धतीने लावलेली, म्हणून चौकटीवर चौकट बरोब्बर बसलेली. तू उजेड भरपूर दिला होतास, मी नेहमीसारखा हात आखडता घेतला होता, म्हणून तुझी खुर्ची माझ्या मंडईपेक्षा ठसठशीत.

मला पाटणकरांसमोर रडू आलं, आणि ते भीतीने नाही. मला कळलं की मी काय करून बसले. तू कितीतरी दिवस त्या खिडकीशी रिकामी खुर्ची ठेवून रंग तपासत होतीस, आणि पुढे कधीतरी त्या खुर्चीत तू बसणार होतीस. कदाचित बसलीही असशील. झोयाला हवा होता तो फोटो जर कुठे असेल तर याच रोलवर होता, आणि त्याच्यावर मी कांदे-बटाटे ओतले होते. एकेक प्रिंट उचलून बघत होते, कुठे तुझा हात दिसतो का, ओढणी दिसते का. काही नाही. नुसती खुर्ची.

पाटणकरांनी मग एक प्रिंट वेगळी काढलेली दाखवली. म्हणाले, ही एकच बरी आहे, हिच्यावर दुसरं काही नाही. झाकणाची चौकट होती ती. माझ्या बाजूने तिथे नुसता काळोख पडला होता, म्हणून तुझी बाजू अख्खी शाबूत राहिली होती.

तू खुर्चीत बसली होतीस. कमरेपासून वर, दोन्ही हातांनी चहाचा कप धरलेला. डोक्याला रुमाल, गाल आत गेलेले, पण तूच. रताळं नाही, शेवाळ नाही. कपाळावर तो आपला तांबडा-काळा, कानशिलाशी जरा निळसर, ओठांपाशी जांभळट, जसं तू मुलींना रंग कालवून दाखवायचीस अगदी तसं. सापडली होती तुला फिल्म. पाटणकरांनी स्टूल पुढे केलं.

भीती वाटली ती बसल्यावर. तुझे दोन्ही हात कपावर होते, मग बटण कोणी दाबलं? या कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायची सोय नाही. रस्त्यावर उभं राहून झोयाला फोन केला, तर ती म्हणाली मी नाही मावशी, मी दिवसभर ऑफिसला असायचे आणि मला तो कॅमेरा कधी जमलाच नाही. तुमच्या घरच्या कामाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मी कशाला हात लावू. आणि ज्याने काढला होता त्याला काम येत होतं. खिडकीचा मवाळ उजेड, लेन्स पूर्ण उघडलेली, अशा वेळी दोन बोटं मागेपुढे झालं की माणूस धूसर होतो. तुझ्या पापण्या मोजता येत होत्या. अंतर एक मीटर.

आणि दुसरं, जे मी झोयाला बोलले नाही. बाकीच्या सगळ्या चौकटी तुझ्या पस्तीसच्या आहेत, घरभर पसरलेल्या. ही तशी नाही. ही जवळची आहे. आणि उजव्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडाविरुद्ध, चंद्रकोरीसारखा एक दुधट डाग आहे. तसा डाग टाकणारी लेन्स मला माहीत असलेली एकच आहे, आणि तू आजारी होतीस त्या सगळ्या काळात ती माझ्या कपाटात कुलपात होती. पाटणकर माझी निगेटिव्ह वर्षानुवर्षं धुतात. त्यांनी दुकानातच त्या डागावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "हा तर तुमचाच, बाई." फोन झाल्यावर मी प्रिंट पाकिटात घालून रिक्षा पकडली.

झोयाने पाकीट उघडलं ते तुझ्या स्वयंपाकघरात, त्याच खिडकीशी. खुर्ची तिथेच होती, तिच्यावर धुतलेले कपडे. तिने फोटो बघितला, मग जवळ धरून बघितला, मग तुझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं, जिथे तिला आठवत नव्हतं तिथे. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्हीच काढला असणार."

मी म्हटलं, "नाही गं. तिने मला येऊच दिलं नव्हतं."

"मावशी, अम्मी असं तुमच्याशिवाय कोणाकडे बघायची नाही."

मी पुन्हा फोटो हातात घेतला. खरं होतं तिचं. वैतागलेली, आता हसणार अशी, आटप की बाई, अशी. मंडईत मी चित्रं जुळवत बसले की तू अशीच बघायचीस. इतकी वर्षं माझ्याकडे अशी कोण बघत होती ते मला पहिल्यांदा समोरून दिसलं. मग झोयाने सरळ विचारलं, तुम्हीच ना? आणि मी हो म्हटलं. तिचे खांदे खाली आले. तिने तो फोटो तुझ्या कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि मला जेवायला थांबवलं.

तुझे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते. भांडलीस, अडवलंस, माझ्या काळपट फोटोंची टर उडवलीस, आणि दर बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी घेऊन जाताना पुढच्या वर्षी साखर कमी घाल म्हणून सांगितलंस. तुझ्यासारखी मला दुसरी कोणी मिळाली नाही आणि आता मिळणार नाही. कॅमेरा मी रोज पुसते. लेन्स कुठे आहे ते बघत नाही.

आणि आता एक सांगते, झोयाला बोलू नकोस. त्या दुपारचं मला थोडं थोडं आठवायला लागलंय. आधी वाटलं फोटो बघून बघून मनाचे खेळ चाललेत. पण फोटोत नाही तेही आठवतं. चहात आलं जास्त झालं होतं. पडदा अर्धा ओढायला मी उठले तर त्याची एक कडी अडकली, आणि तू म्हणालीस ती अडकतेच, वरून ओढ. खालच्या चौकात कोणीतरी गादी झोडपत होतं. मी तुझ्यासमोर वाकून उभी होते, गुडघा ठणकत होता, आणि त्या पिवळ्या चौकोनात तुझी दोन चित्रं एकमेकांकडे सरकत होती. जुळली. मी सवयीने थांबले, तुझा हात पुढे येईल म्हणून. नाही आला. तू कपही खाली ठेवला नाहीस. म्हणालीस, "काढ आता."